वन्संचा उजवा हात

तिसरा चढ लागला तेव्हा भावजयीचं नामस्मरण बंद पडलं. देवाचं नाव घ्यायचं की गाडी ढकलायची, एका श्वासात दोन्ही होत नव्हतं.

पुढे वन्सं हॅन्डल धरून चालत होत्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. साठीला दोन वर्षं कमी, केस पोरासारखे बारीक कापलेले, अंगात जाड जाकीट. उन्हाने मान घामाघूम झाली होती, तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली. दोघींच्या मधे अडीचशे किलोची मोटारसायकल. रविवारची दुपार, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्या बायकांची गाडी बंद पडली.

गाडी बंद पडलेली नव्हती. टाकीत पेट्रोल होतं, बॅटरी नवी होती, इंजिन ठणठणीत होतं. बटण दाबायचा अवकाश, जागच्या जागी गुरगुरली असती. पण किल्ली वन्संनी काढून जाकिटाच्या आतल्या खिशात टाकली होती, आणि वर चेन ओढली होती.

"वन्सं, जरा टेकूया का?"

"तू टेक. मी थांबले तर ही मागे सरकेल आणि तुला घेऊन खाली जाईल."

"मग मी कशी टेकू? मागे मीच आहे ना!"

"तेच सांगतेय. ढकल."

एरवी असं बोलून वन्सं स्वतःच हसल्या असत्या. आज हसल्या नाहीत. पाऊण तास झाला होता, घर अजून दोन किलोमीटरवर होतं, आणि झाल्या प्रकाराबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

झालं होतं ते इतकंच. आठ महिने घरच्या गॅरेजमध्ये खपून वन्संनी गाडी नव्याने बांधली होती आणि आज तिची पहिली फेरी होती. मागे भावजय. जाताना गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी गेली. मोठ्या रस्त्यावर भावजयीने घट्ट मिटलेले डोळेसुद्धा उघडले होते. परत फिरताना वन्संनी एका बंद गोदामासमोर गाडी हळू केली आणि हॅन्डल डावीकडे पुरतं वळवलं. त्याबरोबर इंजिनाने एकदम किंचाळल्यासारखा आवाज केला आणि गाडी समोरच्या भिंतीवर झेपावली. वन्संनी क्लच दाबला, ब्रेक दाबला, इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं. पुढचं चाक भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबलं. भावजयीचं हेल्मेट वन्संच्या हेल्मेटवर आपटून टणकन आवाज झाला, आणि मग सगळं शांत.

वन्संनी हॅन्डल सरळ केलं, गाडी पुन्हा सुरू केली. मांजरासारखी घुरघुरत राहिली. काही म्हणजे काही दोष नाही. त्यांनी हातमोजा काढून आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली आणि म्हणाल्या, "उतर. चालत जायचंय."

त्या हाताबद्दल सांगितल्याशिवाय वन्संबद्दल काही सांगता येणार नाही. एकतीस वर्षं त्यांनी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवल्या. मेणात एकेक दात बसवायचा, केसाच्या जाडीइतका घासायचा, पुन्हा बसवायचा. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंही असावं. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "लोकांचे दात बघून बघून माणसाचं तोंड बघायची हौसच राहिली नाही." तीन वर्षांपूर्वी उजवा हात बारीक थरथरायला लागला. नुसता ठेवला की गप्प, काही धरलं की थरथर. डॉक्टर म्हणाले, जिवाला भीती नाही, हळूहळू वाढेल किंवा वाढणारही नाही, लक्ष ठेवा. वन्संनी महिनाभर लक्ष ठेवलं. मग एका आजोबांची कवळी परत आली. समोरचा दात किंचित तिरका. त्या दिवशी त्यांनी आपलं टेबल पुसलं, हत्यारं गुंडाळून घेतली आणि घरी आल्या. पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही.

गाडी त्याआधी बारा वर्षांपासून घरात होती. परदेशी निघालेल्या एका दंतवैद्याने जाताना देऊन टाकलेली. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी केलेली, पण अंगात शर्यतीची रग असलेली अशी ती जुनी गाडी. समोर काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, बसायचं मात्र टाकीवर ओणवं होऊन. भावजयीचा नवरा, म्हणजे वन्संचा बाळ्या, गाडीला बायकोची दुसरी नणंद म्हणायचा. "फरक एवढाच, की ही किल्ली फिरवून बंद करता येते." त्याची मोटार रस्त्यावर उन्हात आणि गॅरेजमध्ये ही, यावरून बहीणभावांत अधूनमधून खटके उडत.

पण काम सुटल्यावर या गाडीनेच वन्संना सावरलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ओणवं बसून मनगटं दुखतात म्हणून त्यांनी हॅन्डल तीन बोटं वर घेतलं. दातांच्या आरशाने इंजिनामागच्या आडजागा पाहिल्या. कवळीच्या गुलाबी मसाल्यातून काचेसाठी नव्या खुंट्या ओतल्या. "गाडीला हिरड्या फुटल्या," भाऊ म्हणाला. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे चार कार्ब्युरेटर होते, त्यांची सुरावट लावायला वन्संनी एका फळीवर चार पारदर्शक नळ्या ठोकल्या आणि त्यात रंगीत पाणी भरलं. इंजिन चालू केलं की चारही नळ्यांतलं पाणी वर चढायचं, कुठे जास्त, कुठे कमी. ते एका पातळीवर येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवायचे.

"चार जावा आहेत एका स्वयंपाकघरात," वन्सं सांगायच्या. "चौघींनी सारखीच आच ठेवली तर घर शांत. एकीने वाढवली की भांड्याला भांडं."

स्क्रू फिरवताना मात्र त्यांचा हात थरथरायचा. मग त्या डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरायच्या. भावजय शिवणाचं काम घेऊन तिथेच स्टुलावर बसायची आणि ते न पाहिल्यासारखं करायची.

सहा वर्षं ती रोज देवापुढे हात जोडून एकच मागायची, वन्संची गाडी सुटू दे. वाईट मनाने नाही. वन्सं बाहेर पडल्या की परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा. शिलाई मशीनवर पाय चालायचा आणि कान दाराकडे. आज मागे बसली होती तीही याच विचाराने की जे व्हायचं ते दोघींना होऊ दे.

चढ संपला. समोर कडेला एक ट्रक उभा होता. त्याला वळसा घालायला वन्संनी हॅन्डल डावीकडे मुरडलं. भावजय मागच्या सीटची कडी धरून ढकलत होती, आणि सहज तिची नजर पुढे गेली.

हॅन्डल वर घेतल्यावर केबली उघड्या पडल्या होत्या, बऱ्या दिसत नव्हत्या. म्हणून त्यांना कव्हर शिवायचं तिने स्वतः होऊन अंगावर घेतलं होतं. काळा कॅनव्हास, दुहेरी शिलाई, खाली गाडीच्या मानेशी पट्ट्याने पक्कं बांधलेलं. शुक्रवारी वन्सं दवाखान्यात गेल्या असताना तिने ते चढवून टाकलं. वन्सं आल्या, बघून म्हणाल्या, "वा! अंगावर बेतल्यासारखं बसलंय." तिला किती बरं वाटलं होतं.

आता हॅन्डल डावीकडे वळलं तसं ते कव्हर ताठ झालं. उजवीकडच्या टोकाला टाके ताणले गेले, कापडावर तिरप्या चुण्या पडल्या.

अशा चुण्या ती तीस वर्षं बघत आली होती. बाही घट्ट झाली की बाईने हात वर केल्याबरोबर काखेत अशाच चुण्या पडतात आणि सगळा ब्लाउज वर ओढला जातो. म्हणून माप घेताना ती प्रत्येकीला म्हणायची, "हात वर करा बघू." गाडीचं माप तिने हॅन्डल सरळ ठेवून घेतलं होतं. वळवून बघायचं तिला सुचलंच नाही. कव्हराच्या पोटात रेसची केबल होती, उजवी मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढवणारी. बाही ओढली की ब्लाउज वर जातो. कव्हर ओढलं की केबल...

तिचा पाय अडखळला.

"काय झालं?" वन्संनी वळून न बघता विचारलं.

"काही नाही. चप्पल निसटली."

पुढच्या कोपऱ्यावर उजवं वळण होतं. कव्हर सैल पडलं, चुण्या गेल्या. त्याच्या पुढचं पुन्हा डावं. पुन्हा ताठ. आता शंकेला जागा नव्हती. भिंतीवर गाडी वन्संच्या हाताने नाही, तिच्या शिलाईने घातली होती.

सांगायचं, असं ठरवून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वन्सं बोलल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी काय करायची विचारावं तसा.

"घरी गेलो की बाळ्याला सांग, गाडी विकायचीय, न्यायला माणूस बोलव म्हणावं. माझ्या तोंडाने नाही सांगवणार."

भावजयीने सीटची कडी पुन्हा घट्ट धरली.

"हात फिरला गं माझा. मला कळलंसुद्धा नाही. कळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आणि मागे तू होतीस."

सहा वर्षं मागितलं ते हे असं समोर येऊन उभं होतं. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. हात थरथरतो हे खोटं थोडंच आहे? आज नाही तर उद्या फिरेलच. मग आज थांबल्या तर बिघडलं कुठे? ती ढकलत राहिली. मनातल्या मनात देवाला विचारायला गेली, पण नाव ओठावर येईना. दम आता पुरत होता, तरी येईना.

घर आलं. फाटकाशीच नवरा उभा होता. बहिणीला पायी येताना बघून त्याचा चेहरा उतरला, आणि बायकोने दोन वाक्यांत निरोप सांगितल्यावर तोच चेहरा उजळला. त्याने आनंद लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"देव पावला!" तो हळूच म्हणाला. "कशी काय तयार झाली? मी ओळखतो एकाला. उद्या सकाळी टेम्पो पाठवायला सांगतो. मन बदलायच्या आत उरकू." आणि फोन घेऊन तो आत गेलासुद्धा.

भावजयीने हातपाय धुतले आणि देवापुढे जाऊन उभी राहिली. हात जोडले. आभार मानायचे की क्षमा मागायची, तेच ठरेना. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता, "हो, हो, सकाळीच या, लवकर." गॅरेजमधून बारीक टणटण ऐकू येत होती. वन्सं हत्यारं गुंडाळत होत्या. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून आणून गुंडाळलेली हत्यारं त्यांनी सोडवली होती ती या गाडीसाठी. आता पुन्हा गुंडाळली की ती कशासाठी सुटणार होती?

तिने जोडलेले हात सोडले. शिवणाच्या डब्यातलं टाके उसवायचं बारीक हत्यार मुठीत घेतलं आणि गॅरेजमध्ये गेली.

वन्सं चार नळ्यांतलं रंगीत पाणी बादलीत ओतत होत्या.

"वन्सं, गाडी मेन स्टँडवर घ्या. सुरू करा."

"कशाला? निरोप घ्यायला? नको ती नाटकं."

"सुरू करा म्हणते ना!"

तिने असा आवाज कधी चढवला नव्हता. वन्संनी बादली खाली ठेवली. जाकिटाच्या आतून किल्ली काढली, गाडी स्टँडवर चढवली, न्यूट्रलमध्ये सुरू केली. इंजिन संथ घुरघुरू लागलं.

"आता दोन्ही हात काढा. मुठींना हात नाही लावायचा."

वन्संनी हात काढले. भावजय पुढे झाली. हॅन्डलच्या मधोमध दोन्ही पंजे ठेवले आणि ते डावीकडे ढकलायला लागली. अर्ध्यापर्यंत काही नाही. आणखी थोडं. इंजिनाच्या वेगाचा काटा हलला. आणखी. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, गॅरेजचं पत्र्याचं दार थरथरू लागलं, शेवटच्या टोकाला गाडी तशीच किंचाळली जशी भिंतीसमोर किंचाळली होती. मुठीवर कुणाचाच हात नव्हता.

तिने हॅन्डल सरळ केलं. आवाज खाली आला. वन्संनी इंजिन बंद केलं.

मग भावजय गुडघ्यांवर बसली आणि टाके उसवू लागली. दुहेरी शिलाई, तीही पक्क्या दोऱ्याची. हात घाईत होते, सुटता सुटेना. एका ठिकाणी हत्याराचं टोक बोटात घुसलं. वन्सं उभ्या राहून पाहत होत्या, मदतीला वाकल्या नाहीत. शेवटी कव्हर फाडल्यासारखं निघालं आणि केबली मोकळ्या लोंबल्या. वन्संनी पुन्हा इंजिन सुरू केलं, स्वतः हॅन्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, दोनदा, तीनदा. आवाजात तसूभर फरक नाही.

आवाज ऐकून नवरा दारात आला होता. "आता हे काय नवीन?"

"तुझ्या बायकोला विचार," वन्सं म्हणाल्या.

"चूक माझी होती," भावजय खाली बघत म्हणाली. "कव्हर घट्ट शिवलं. टेम्पो नको म्हणून सांगा."

"अगं पण..." त्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि दोघींचे चेहरे बघून पुढचा शब्द गिळला. जाता जाता पुटपुटला, "एक नणंद कमी होणार होती, तर दोन्ही राहिल्या."

तो गेल्यावर वन्सं स्टुलावर बसल्या.

"केव्हा कळलं तुला?"

"ट्रकला वळसा घातला तेव्हा."

"म्हणजे घर दीड किलोमीटरवर होतं."

"हो."

"दीड किलोमीटर मी माझा हात कापून टाकल्यासारखी चालत होते. आणि तू मागून ढकलत होतीस."

भावजयीला रडू आलं, पण रडून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही म्हणून तिने ते आवरलं. तिने सगळं सांगितलं. सहा वर्षांची प्रार्थना, मशीनवर बसून दाराकडे लावलेला कान, आणि मघाशी देवापुढे उभं राहून तोंडातून शब्द न फुटणं. "मला वाटलं, मागितलं ते मिळालंय. मग लक्षात आलं, हे मिळालेलं नाही, मी चोरतेय."

वन्सं कितीतरी वेळ फाटक्या कॅनव्हासवरून अंगठा फिरवत राहिल्या. अंगठा थरथरत होता.

"शिवलंस मात्र देखणं," त्या म्हणाल्या. आवाजात अजून धार होती. "चूक माझीही आहे. काहीही बदललं की इंजिन चालू ठेवून हॅन्डल दोन्ही टोकांना फिरवून बघायचं, हा पहिला नियम. गुरुवारी फिरवून पाहिलं. शुक्रवारी तू कव्हर चढवलंस, मी वा वा म्हटलं आणि पुन्हा पाहिलं नाही. कवळी घासल्यावर पुन्हा तोंडात घालून न बघता पेशंटला घरी पाठवल्यासारखं झालं."

"पण आपण दोघी..."

"थांब. माझं संपलेलं नाही." वन्संनी उजवा हात पुढे केला आणि हवेत तसाच धरून ठेवला. "हा थरथरतो. आज याने काही केलं नाही, पण कधीतरी करेल. बाळ्या मला खरं सांगणार नाही, त्याला गॅरेज रिकामं हवंय. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवा. माझं मला कळेल असं मी समजत होते. आज बघितलंस ना? न केलेली चूक मी मान खाली घालून कबूल केली. मग केलेली एखादी नाकारणार नाही कशावरून?"

भावजयीने उसवायचं हत्यार खाली ठेवलं.

"मागे तूच बसणार. माझ्या खांद्यावर तुझा हात असतो, गाडी वाकडी गेली तर आधी तुला कळेल. म्हणून एक मागते. ज्या दिवशी माझा हात खरंच चुकेल, त्या दिवशी घरी येईपर्यंत थांबू नकोस, कुणाशी बोलू नकोस, प्रार्थनासुद्धा करत बसू नकोस. तिथल्या तिथे माझ्या पाठीवर थाप मार आणि म्हण, 'वन्सं, आता पुरे.' मी का म्हणून विचारणार नाही. गाडी बाजूला घेईन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. पण चुकला नसेल तर नुसत्या भीतीने म्हणायचं नाही. एवढं करशील माझ्यासाठी?"